चुन्याची रेघ

मी आयुष्यात एकाच माणसाच्या अंगावर मुद्दाम गाडी घातली आहे, आणि तीही चांगली सतरा-अठरा वेळा. पोलीस कधी आले नाहीत. उलट दर वेळी त्याच माणसाने नंतर मला चहा पाजला. गाडी अंगावर यायच्या वेळी तो माझ्याकडे पाठ करून, पान चघळत उभा असायचा. त्याच्या बनियनला उजव्या खांद्याखाली एक भोक होतं. समोरच्या काचेतून मला फक्त ते भोक दिसायचं, आणि गाडी जवळ जाईल तसं ते मोठं व्हायचं. आज पन्नाशी उलटली, तरी धुतलेल्या बनियनला भोक दिसलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. बायको म्हणते, फेकून द्या ते बनियन. तिला काय सांगणार?

आम्ही सगळे ड्रायव्हर त्या माणसाला उस्ताद म्हणायचो. खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. परभणीत पाथरी रोडला, गाव संपून कापसाची रानं लागतात तिथं, त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटीवर एकच शब्द: ब्रेक. कोणी इंजिनाचं काम घेऊन आला की उस्ताद त्याला दारातूनच परत पाठवायचे.

"पळायचं काम गावात करा. हितं फकस्त थांबायचं काम होतंय."

आणि थांबायच्या कामाची त्यांची रीत अशी. ब्रेक बसवून झाला की उस्ताद डब्यातून मूठभर चुना घ्यायचे आणि गॅरेजसमोरच्या कच्च्या रस्त्यावर आडवी रेघ ओढायचे. रेघेच्या अलीकडे वीस पावलांवर एक पांढरा दगड पुरलेला होता. गाडी रोज जो चालवतो त्याने लांबून चाळीसच्या वेगाने यायचं, दगडापाशी ब्रेक दाबायचा, रेघेच्या आत थांबायचं. आणि रेघेच्या पलीकडे एका पावलावर उस्ताद स्वतः. पाठ करून.

पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे खोटंच वाटायचं. सेलूचा एक जीपवाला तर हसत हसत स्टिअरिंगवर बसला, आणि दगडाच्या पन्नास पावलं आधीच ब्रेक मारून गाडीतून उतरून पळाला. जीप उभी आणि हा बाभळीच्या आडोशाला. उस्ताद मागे न बघताच ओरडले, "अरे, या की! मी काय रिकामा हाय का हितं उभारायला?"

"उस्ताद, कामून जिवाशी खेळायलात?" तो झाडामागून.

"खेळ तुमचा चाललाय. साठ माणसं भरून मानवतला जायलाव ना? त्यातलं एक बी तुमाला इचारत न्हाई, ब्रेक लागतो का म्हणून. मी त्यांच्या वतीनं इचारायलोय."

साठ नव्हती, पंधरा असतील. पण उस्तादांचं गणित भीतीचं होतं.

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, पुढे तिची चूल. उस्तादांनी चुन्याचा डबा उचलला की मावशी उठायची आणि चुलीत पाणी ओतायची. चर्र असा आवाज व्हायचा. मग ती पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसायची. पहिल्यांदा मला उलगडा झाला नाही. मी विचारलं, मावशी, जेवायच्या वेळेला चूल का विझवली?

"मयताच्या घरात चूल पेटती का रे बाबा?" ती शांतपणे म्हणाली. "मागनं गडबड नको. आधीच इजवून ठेवते."

गाडी थांबली की ती पुन्हा काटक्या रचायची, फुंकणी घ्यायची, आणि उस्तादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चूल पेटवायची. दिवसाला तीन गाड्या आल्या तर तीनदा. शेजारपाजारच्यांना गॅरेजवरच्या धुरावरून कळायचं की उस्ताद अजून जिवंत आहेत.

एवढा निधड्या छातीचा माणूस, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण जिवंत माणसांत इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्या गाडीचा ब्रेक स्वतः बसवला नाही तिच्यात ते बसायचेच नाहीत. राणीसावरगावला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. मावशी सकाळच्या बसने गेली आणि उस्ताद आदल्या दिवशीच पायी निघाले. पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. कोणाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले तर दोन्ही पाय जमिनीला घासत बसायचे. खाटेवर निजलेले असले आणि रस्त्यावरून ट्रक गेला, तरी झोपेत त्यांचा उजवा पाय ताठ व्हायचा. मावशी सांगायची, "मला लगीन करून आणलं तवा बैलगाडीला मागं ओंडका बांधला ह्यांनी, उताराला गाडी पळंल म्हणून. वऱ्हाड कवाच घरी गेलं, आन मी नवी नवरी रात होईस्तोवर ओंडका वढत आले."

ही भीती आली कुठून, याच्या गावात तीन गोष्टी होत्या. तिन्ही मी ऐकल्यात, तिन्ही मी रंगवून सांगितल्यात, आणि तिन्ही खोट्या आहेत असा माझा वहीम आहे. उस्तादांना विचारलं तर ते म्हणायचे, "भ्यायला काय कारण लागतंय? न भ्यायला लागतंय."

ती वर्षंही तशीच होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता. कधी मोर्चा, कधी बंद. बंदच्या दिवशी दुकानांच्या फळ्या लागायच्या, कुठंतरी टायर जळायचं आणि माणसं एकमेकांकडे बघताना आधी हाताकडे बघायची. अशा दिवशी उस्ताद गॅरेज उघडं ठेवून रस्त्याच्या कडेला बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचे. "हळू! हळू!" मी एकदा म्हणालो, उस्ताद, आज लोक दगडाला भितात, ब्रेकचं काय घेऊन बसलात? तर म्हणाले, "भेलेला माणूस आधी काय दाबतो? ॲक्सिलेटर. दगड एकाला लागतो. भेलेली गाडी धा जणांवरून जाती."

मी तेव्हा परभणीतल्या एका डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. डॉक्टरसाहेब देवमाणूस, पण गाडीच्या बाबतीत त्यांना फक्त दार कोणत्या बाजूने उघडतं एवढं माहीत. दर गुरुवारी आम्ही जिंतूरवरून येलदरीला जायचो. धरणाच्या वसाहतीत ते पेशंट बघायचे. त्या रस्त्याला शेवटी उतार आहेत, वळणं आहेत, आणि वळणापलीकडे हमखास म्हशी. आमची गाडी नव्या धर्तीची, छोटी. मागच्या चाकांना जुनेच, बंद डब्यासारखे ड्रम, पण पुढच्या चाकांना डिस्क. म्हणजे चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी ताटली, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. परभणीत तेव्हा अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. उस्तादांनी पहिल्यांदा ती डिस्क पाहिली तेव्हा अर्धा तास चाकापुढे उकिडवे बसून होते. मग म्हणाले, "उघडी हाय बिचारी." त्यानंतर तिची काळजी ते पोटच्या लेकीसारखी घ्यायचे.

डॉक्टरसाहेबांचे चिरंजीव विलासराव पुण्याला इंजिनिअरिंगला होते. पोरगा वाईट नव्हता. हुशार होता, आणि त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो एक जड पोतं घेऊन. पोत्यात शर्यतीच्या गाडीच्या दोन डिस्क आणि त्यांचे पॅड. कोणाच्या तरी गाडीला दोन-तीन शर्यती पळालेल्या. ताटलीला आरपार भोकंच भोकं, चाळणीसारखी. सुट्टीनंतर वडिलांची हीच गाडी नेऊन एका शर्यतीत उतरवायचा त्याचा बेत होता, आणि तोवर या डिस्क गाडीला रुळवायच्या होत्या. वडिलांना काही सांगायचं नव्हतं. "तू पण बोलू नकोस," मला म्हणाला. धन्याच्या पोराला नाही म्हणायची आमची रीत नव्हती.

मी एवढंच केलं: उस्तादांना दाखवून घेऊ म्हणालो.

उस्तादांनी जुनी सपाट डिस्क आणि ही नवी, दोन्ही पोत्यावर शेजारी शेजारी मांडल्या. हात धोतराला पुसले. 

"उस्ताद, ही भोकं कशाला असतात माहीत आहे?" विलासरावांनी विचारलं.

"तुमी सांगा, इंजिनेर."

"उष्णता बाहेर पडते. शर्यतीत दर वळणाला ब्रेक लागतो, डिस्क लाल होते. साधी डिस्क तिथं दमते. ही दमत नाही. आणि पॅड पण खास आहेत, कितीही तापू द्या, पकड सुटत नाही."

"आन थंडे असले तर?"

"तापायला कितीसा वेळ लागतो?"

उस्तादांनी मान हलवली. "शर्यतीला ही राजा हाय. मी खोटं न्हाई बोलणार. तितं सगळ्यांला म्होरं जायचंय, समोरून कोणी येत न्हाई, आन गाडी पयल्यापासून तापलेली. पर आमच्या रस्त्यावर म्हस आधी सांगून येती का, की मालक, चार डाव ब्रेक तापवा, मंग मी आडवी येते? हितं पयल्याच दाबाला धरावं लागतंय. सकाळच्या थंड्या पॅडनं. आन ही काळी माती. पाऊस पडू द्या, आठ दिवसात भोकं लिंपून जातील. रस्त्याला सपाटच पायजे. साधी. लाज वाटंल इतकी साधी."

विलासराव हसले. "उस्ताद, ही बाहेरच्या देशातली आहे."

"मंग तिकडंच चालवा."

झालं. त्या संध्याकाळी विलासरावांनी घरीच, माझ्या मदतीने, भोकाच्या डिस्क बसवल्या. दिवस मंगळवार. गुरुवारी येलदरी. मी रात्रभर छताकडे बघत पडलो होतो. डॉक्टरसाहेबांना सांगावं तर पोरगा उघडा पडतो, न सांगावं तर उताराला आम्ही दोघे. बुधवारी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने सायकल काढली आणि उस्तादांना सांगून आलो. ते एवढंच म्हणाले, "सांगून पटत न्हाई त्याला. उभं ऱ्हावं लागंल." आत चर्र आवाज झाला. मावशीने ऐकलं होतं.

उस्तादांनी बोलावलंय, रेघेची परीक्षा घ्यायला, हा निरोप विलासरावांना आव्हानासारखा लागला. स्टिअरिंगवर ते स्वतः बसले. घरापासून गॅरेजपर्यंत दर विजेच्या खांबाला त्यांनी ब्रेक दाबला. गाडीत करपल्याचा वास सुटला. मला डाव कळला. गॅरेजसमोर पोचलो तेव्हा चुन्याची रेघ ओढलेली होती. उस्ताद पुढे आले, वाकले आणि उलटा हात चाकाजवळ नेला.

"तापवून आणली," ते म्हणाले. रागाने नाही. चोर सापडल्यावर हवालदार हसतो तसं. "बसा. थंडी होऊ द्या."

मग जो एक तास गेला तो मी विसरणार नाही. आम्ही तिघे बाकावर. चहा नाही, कारण चूल विझलेली. मावशी उंबऱ्यात, पदर डोक्यावर.  लोखंड निवताना टिक् टिक् वाजत होतं. दर थोड्या वेळाने उस्ताद उठायचे, चाकापाशी उलटा हात न्यायचे, पुन्हा येऊन बसायचे. एकदा ते मागच्या चाकांकडेही गेले, ड्रमवर थोपटलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्ये माझ्या हातचे हायत. ध्यानात ठिव."

शेवटी ते म्हणाले, "झाली थंडी. झाला आता रस्ता."

विलासराव उठले. "मी चालवतो."

"तुमी न्हाई. उद्या येलदरीला कोण चालवणार? ह्यो. मंग ह्योच बसंल. तुमी हितं या, माझ्या बाजूला. तुमची डिस्क हाय. इश्वास हाय न्हवं?"

विलासराव दोन पावलं पुढे आले. रेघेकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं, जणू ती त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली. "मी... बाजूने बघतो. बाजूने नीट दिसेल."

"बगा," उस्ताद म्हणाले आणि पाठ केली.

मी गाडी लांब नेली, वळवली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं सरळ पाथरीला निघून जावं आणि परत तोंड दाखवू नये. मग मी निघालो. तीस. चाळीस. ते भोक दिसायला लागलं. दगड आला, मी ब्रेक दाबला.

पायाखाली दगड होता म्हणा ना. पेडल कडक, आणि गाडी आपली चाललेलीच. थोडी हळू झाली, जसा कुणी झोपेतला माणूस हाक ऐकतो आणि कूस बदलतो. मी पूर्ण उभा राहिलो त्या पेडलवर. भोक चवलीएवढं झालं, रुपयाएवढं झालं, आत पाठीचं कातडं दिसलं. उस्ताद हलले नाहीत. तेव्हा कुठून कोण जाणे ते ड्रमवरचं थोपटणं आठवलं, आणि मी मागच्या चाकांचा हँडब्रेक असा ओढला की बोटांची कातडी निघाली. मागची चाकं जाम झाली, गाडीचा पार्श्वभाग सरकला, धुरळा उठला.

धुरळा बसला तेव्हा दिसलं: रेघ पुढच्या चाकांखाली गेली होती. बंपर उस्तादांच्या पोटरीला टेकला होता. लागला नव्हता. टेकला होता.

उस्तादांनी पान थुंकलं. "रेघ गेली," ते म्हणाले. मग वळून विलासरावांना, "इंजिनेर, पाना घ्या."

विलासरावांनी स्वतःच्या हातांनी त्या डिस्क काढल्या. पाना तीनदा पडला. उस्तादांनी काढलेल्या एका डिस्कला रॉकेल चोपडलं, पुसून घेतलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत एक काळी रेघ उमटली, केसासारखी, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत. चिरेत मुरलेलं रॉकेल वर आलं होतं.

"ही आता शर्यतीला बी न्हाई," उस्ताद हलकेच म्हणाले. "बरं झालं न्हाई नेली."

विलासराव जमिनीवर बसले. 

दुपारपर्यंत सपाट डिस्क पुन्हा बसल्या. मला वाटलं, संपलं. तर उस्तादांनी चुन्याचा डबा उचलला.

"उस्ताद, नको," मी म्हणालो. "ही तर तुमचीच. रोजची."

"नवीन बसवली की रेघ. रीत म्हंजे रीत. बस गाडीत."

बसलो. लांब गेलो. वळलो. आणि पाय उचलेना. मला गाडी पुढे घालता येईना. समोर ते भोक, आणि माझे दोन्ही पाय पाण्यात बुडाल्यासारखे. किती वेळ गेला माहीत नाही. उस्ताद वाट बघत होते. मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आधी कधी केली नव्हती, नंतरही केली नाही. ते वळले. तोंड माझ्याकडे केलं.

मी तो चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला, रेघेवरचा चेहरा. डोळे फाटलेले, ओठ पांढरे, गळ्याशी शीर उडत होती. इतकी वर्षं त्या पाठीमागे हे चाललेलं होतं. म्हणजे तो माणूस दर गाडीला, दिवसातून तीनदा, असा मरत होता. पाठ कशाला करायचे ते आत्ता कळलं: तोंड केलं असतं तर पाय पळाले असते.

"ये!" ते ओरडले. आवाज फाटला. "मी बी भेलोय! ये!"

मी गेलो. तीस, चाळीस, दगड, ब्रेक. पहिल्याच दाबाला गाडीने नाक खाली घातलं आणि रेघेच्या दोन हात अलीकडे उभी राहिली. कुत्रं धन्यापुढे बसावं तशी.

 उस्ताद तिथंच, चुन्यावर, बसले. मी धावत जाऊन त्यांना धरलं. काखेपर्यंत घामाने भिजले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मावशीला बोलू नको."

मागून मावशीचा आवाज आला, "दिसलं मला सम्दं! आंधळी न्हाई मी! माणूस मेलं असतं म्हंजे? कोण खाणार होतं त्या भाकरी?" आणि फुंकणीचा आवाज. आणि धूर.

गुरुवारी आम्ही येलदरीला गेलो. दुसऱ्या वळणाला म्हैस होती. तिने सांगितलं नव्हतं. डॉक्टरसाहेब मागे पेपर वाचत होते. पेपर किंचित पुढे झुकला, एवढंच.

उस्ताद पुढे काही वर्षांनी तापाने गेले, खाटेवर, दुपारी. मावशीने त्या दिवशी चूल विझवली ती शेजारणीने चौथ्या दिवशी पेटवली.

आता माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याच पाथरी रोडला, आता तिथं कापूस नाही, प्लॉट पडलेत. शिकणाऱ्यांसाठी मी चुन्याची रेघ ओढतो. वीस पावलांवर दगड. पलीकडे एक रिकामा तेलाचा डबा ठेवतो. पोरं विचारतात, सर, ते उस्ताद स्वतः उभे राहायचे म्हणता, मग तुम्ही का नाही?

एकदा राहिलो. सांगतोच. स्कूलची गाडी, ब्रेक सकाळीच मी तपासलेले, स्टिअरिंगवर माझी सगळ्यात तयार विद्यार्थिनी, एक शिक्षिका. मी पाठ केली, पान तोंडात घातलं, छाती काढली. मागून गाडी निघाल्याचा आवाज आला. त्यानंतरचं मला आठवतं ते म्हणजे मी कडुनिंबाच्या फांदीवर होतो, एक चप्पल खाली, आणि बाई खिडकीतून वर बघत विचारत होत्या, "सर, बरोबर थांबले ना?"

बरोबर थांबल्या होत्या. गाडी रेघेच्या दोन हात अलीकडे उभी होती. रेघेपलीकडे कोणीच नव्हतं.